छोट्या स्केलचं विमान आणि फिरता प्रोपेलर: मोजून, कापून, रंगवून

चाकं आत घेतलेलं, स्टँडवर चढवलेलं, मन लावून रंगवलेलं विमानाचं मॉडेल आणि नाकावर प्रोपेलरची चारही पाती स्वच्छ, स्तब्ध उभी. नजर तिथेच अडते. इंजिन बंद पडलेलं विमानसुद्धा हवेत सहसा असं दिसत नाही, कारण समोरून येणारी हवा बंद इंजिनाचा प्रोपेलरही बहुतेक वेळा फिरवत ठेवते.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे पाती काढून पारदर्शक प्लास्टिकची गोल चकती बसवायची आणि तिच्यावर करडा रंग मारायचा. उपाय बरोबर आहे, पण रंग जवळजवळ नेहमीच जास्त होतो. नाकापुढे काळसर काच बसवल्यासारखं दिसतं आणि त्यामागचं विमान झाकलं जातं. फिरत्या प्रोपेलरच्या चकतीत बहुतेक जागा रिकामी असते. किती रिकामी, हे साध्या भागाकाराने काढता येतं, आणि तो भागाकार करून मग रंगाला हात घातला की निम्मं काम तिथेच होतं. हा लेख त्या हिशेबाचा आणि त्यातून निघणाऱ्या कृतीचा आहे.

उदाहरणासाठी मी सगळीकडे स्पिटफायर मार्क ९ हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान घेतो. किट सहज मिळतं, पाती चार आहेत आणि आकडे माहितीचे आहेत. पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, म्हणजे १:७२ स्केलमध्ये (खऱ्याच्या ७२ पट लहान) १५६ मिमी आणि १:१४४ मध्ये ७८ मिमी. प्रोपेलरचा व्यास १० फूट ९ इंच, म्हणजे सुमारे ३.२८ मीटर, १:७२ मध्ये साडेपंचेचाळीस मिमी, १:१४४ मध्ये पावणेतेवीस मिमी. दुसरं विमान असेल तर त्याचा व्यास शोधून ७२ किंवा १४४ ने भागा. किटमधल्या प्रोपेलरवरून माप घेणार असाल तरी हा हिशेब एकदा ताडून पाहा, कारण किटमधली पाती कधी आखूड तर कधी जाड असतात.

डोळा की कॅमेरा?

चाकू हातात घेण्याआधी हे ठरवा: तुम्हाला समोर उभ्या माणसाला दिसणारा प्रोपेलर दाखवायचा आहे की छायाचित्रात दिसणारा? दोन्ही खरे आहेत, पण दोन्हींची कृती वेगळी. दोन्ही एकाच चकतीवर मिसळले की काहीतरी बिनसलंय हे बघणाऱ्याला लगेच कळतं, काय बिनसलंय ते सांगता आलं नाही तरी.

या स्पिटफायरचं मर्लिन इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असताना मधल्या गिअरमुळे प्रोपेलर त्याच्या ०.४७७ पट, म्हणजे मिनिटाला सुमारे १४३० फेऱ्या घेतो. सेकंदाला जवळजवळ २४ फेऱ्या. चार पाती धरली तर एका जागेवरून सेकंदाला सुमारे ९५ वेळा पातं जातं. इतक्या वेगात डोळा पाती सुटी पाहू शकत नाही. त्याला एकसंध, विरळ पडदा दिसतो.

कॅमेऱ्याचं तसं नाही. शटर जेवढा वेळ उघडं राहील तेवढ्या वेळात पातं जितकं फिरेल तितकाच पट्टा फोटोत उमटतो. या वेगाला पातं सेकंदाला सुमारे ८५८० अंश फिरतं. म्हणजे १/५०० सेकंदात १७ अंश, १/२५० मध्ये ३४, १/१२५ मध्ये ६९ आणि १/६० मध्ये १४३ अंश. चार पात्यांमधलं अंतर ९० अंशांचं असल्याने १/६० ला पट्टे एकमेकांवर चढतात आणि पूर्ण चकती दिसते, १/१२५ ला मध्ये अरुंद फटी राहतात आणि १/५०० ला पाती जवळजवळ ओळखू येतात. जुन्या छायाचित्रांत प्रोपेलर इतक्या तऱ्हांनी का दिसतो, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

कपाटात किंवा टेबलावर ठेवायच्या मॉडेलसाठी मी डोळ्याला दिसणारी चकतीच निवडेन. पट्ट्यांचा प्रोपेलर फोटोत झकास दिसतो, पण समोर ठेवलेल्या मॉडेलवर तो गोठल्यासारखा वाटतो, कारण आपलं डोकं हलवलं तरी पट्टे जागच्या जागीच राहतात.

चकती किती दाट असते

केंद्रापासून ठरावीक अंतरावर चकती किती दाट दिसेल, हे काढायची रीत सोपी आहे. त्या अंतरावरच्या सगळ्या पात्यांची रुंदी एकत्र करा आणि तिथल्या वर्तुळाच्या परिघाने भागा.

पात्याची रुंदी २५ सेंमी धरू. केंद्रापासून १ मीटरवर चार पात्यांची मिळून रुंदी १०० सेंमी आणि परीघ ६२८ सेंमी, म्हणजे १६ टक्के. अर्ध्या मीटरवर परीघ ३१४ सेंमी, म्हणजे ३२ टक्के. टोकाजवळ, १.६ मीटरवर, पातं निमुळतं होऊन १५ सेंमी राहिलं असं धरलं तर ६० भागिले १००५, म्हणजे जेमतेम ६ टक्के.

यात आणखी एक घट आहे. पात्याला पीळ असतो. मुळाशी ते बरंच उभं वळलेलं असतं, टोकाकडे आडवं होत जातं. त्यामुळे समोरून पाहताना मुळाशी पात्याची खरी रुंदी दिसत नाही, तिरकी आणि कमी दिसते. हा पीळ धरला तर आतल्या भागातली दाटी ३२ वरून १८-२० टक्क्यांवर येते, १ मीटरवर १२ टक्के आणि टोकाला ५.

म्हणजे सगळ्यांत दाट जागीही पाच भागांत एकच भाग पातं आणि चार भाग हवा. टोकाला वीस भागांत एक. हे आकडे कागदावर लिहून कामाच्या जागी समोर लावा, कारण रंग मारताना हात नेहमी दाटीकडे ओढला जातो. तीन पाती असतील तर आकडे आणखी उतरतात. कॉर्सेअर किंवा थंडरबोल्टसारख्या रुंद पात्यांच्या विमानात थोडे चढतात.

किट जोडताना

सर्वसाधारण जोडणीवर फार लिहीत नाही. भाग स्प्रूपासून (किटमधल्या प्लास्टिकच्या चौकटीपासून) निपरने दोन टप्प्यांत कापा, उरलेला डाग घासून काढा, पातळ सिमेंट फटीतून केशाकर्षणाने आत जाऊ द्या, फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) वरच्या-खालच्या सांध्यावर पुटी भरून घासा, प्रायमर मारून सांधे पुन्हा तपासा. स्पिटफायरच्या पंखांना वर ६ अंशांचा कल असतो. तो दोन्ही बाजूंना सारखा आहे हे समोरून पाहून, सिमेंट ओलं असतानाच बघून घ्या.

उडत्या अवस्थेसाठी मात्र काही गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात आणि त्या आधी कराव्या लागतात.

चाकांची झाकणं हा पहिला त्रास. बहुतेक छोट्या किटमध्ये ती उघडी बसवण्यासाठीच घडवलेली असतात. बंद करायला गेलं की कडा जुळत नाहीत. पंखाचे वरचे-खालचे भाग जोडायच्या आधीच खाचेत आतून पातळ प्लास्टिक पट्टीचा आधार लावा, झाकण तिच्यावर बसवा, वर राहत असेल तर मागून घासा, खाली जात असेल तर पट्टीची जाडी वाढवा. स्पिटफायरमध्ये चाकाचा काही भाग झाकणाबाहेर उघडा दिसतो, तेव्हा चाक आडवं करून आत बसवायला विसरू नका. आणि मार्क ९ चं शेपटीचं चाक आत जात नाही, ते हवेतही खालीच असतं. बाकी चाकं आत घेतली म्हणून तेही कापून टाकलेली मॉडेल्स पुष्कळ दिसतात. मार्क ८ आणि १४ मध्ये मात्र ते आत जातं.

वैमानिक हवाच. प्रोपेलर फिरतोय आणि खुर्ची रिकामी, हे चालणार नाही. पावणेसहा फुटांचा माणूस १:७२ मध्ये २४ मिमी, १:१४४ मध्ये १२ मिमी. किटमधली आकृती बहुधा खुर्चीत उंच बसते. तिचा खालचा भाग घासून डोकं कॅनॉपीखाली (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाखाली) आरामात मावेल असं करा. डोकं किंचित एका बाजूला वळवलं की आकृतीत जीव येतो: मान कापायची आणि थोडी फिरवून पुन्हा चिकटवायची.

फ्लॅप (उतरताना खाली येणाऱ्या पंखामागच्या झडपा) बंद. विमान वळणात दाखवायचं असेल तर एलेरॉन (विमान कलवणाऱ्या, पंखाच्या टोकाकडच्या झडपा) फार उचलू नका. वळणात शिरताना ते हलतात, पण विमान एकदा कललं आणि वळण स्थिर झालं की वैमानिक ते जवळजवळ मधल्या जागी परत आणतो. साठ अंश कललेल्या मॉडेलवर पूर्ण उचललेले एलेरॉन म्हणजे विमान अजून कलतंच आहे असा अर्थ होतो.

स्टँडची नळीही आत्ताच बसवून टाका. ती पंखाच्या रुंदीच्या पुढून साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर, पोटाखाली येऊ द्या. मॉडेलचा तोल साधारण तिथेच असतो. आत एक पितळी नळी पुटीत पक्की बसवली की तिच्यात स्टँडची सळई सरकवून काढता-घालता येते. पुढे मोटर बसवायचा विचार असेल तर तारांसाठी ही नळी कामाला येते.

नाक आणि स्पिनर

किटमध्ये प्रोपेलर साधारण तीन भागांत येतो: मागची थाळी, पाती आणि टोपीसारखा स्पिनर. पाती बुंध्यापासून कापून घ्या, मधला गाभा ठेवा; तो पुढे आधार म्हणून लागतो. स्पिनरवर पात्यांसाठी असलेल्या अर्धगोल खाचा पुटीने भरून, वाळल्यावर गोलाकार घासून सपाट करा. इथे एकही खाच दिसली तर सगळी मेहनत पाण्यात जाते, कारण स्पिनर फिरतोय असं आपण सांगतो आहोत.

याच कारणाने स्पिनरवरच्या नक्षीचाही विचार करावा लागतो. जर्मन मेसरश्मिट आणि फोके-वुल्फ विमानांच्या स्पिनरवर पांढरं सर्पिल असायचं. चकती धूसर आणि सर्पिल मात्र काळं-पांढरं ठसठशीत, असं दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. फिरताना ते सर्पिल मिटून जातं. काळा आणि पांढरा जितक्या प्रमाणात असेल तितकी करडी छटा दिसते आणि पट्टा टोकाकडे रुंद होत असेल तर छटाही टोकाकडे उजळत जाते. हे धाडसाने करून पाहा. मॉडेल बघणारा प्रत्येक जण आधी तिथेच थांबतो.

विमानाच्या नाकावर मध्यभागी १ मिमीचं छिद्र पाडा आणि त्यात पितळी सळई बसवा. मागची थाळी, चकती, गाभा आणि स्पिनर हे सगळं या एकाच सळईवर ओवायचं. चकती सरळ बसण्याची खात्री याच सळईमुळे मिळते.

चकती कापणे

१:७२ साठी ०.२ मिमी जाडीचं पारदर्शक प्लास्टिक पुरतं, १:१४४ साठी ०.१ मिमी. प्रोजेक्टरवर वापरायच्या पारदर्शक शीट किंवा वस्तूंच्या पॅकिंगमधला सपाट भाग चालतो. मात्र आरपार बघून त्यात लाटा नाहीत ना ते पाहा.

छिद्र आधी, वर्तुळ नंतर. क्रम उलटा केला तर छिद्र मध्यावर येणं कठीण. कंपासची लेखणी काढून तिच्या जागी टोकदार सुई किंवा पातं बांधा, हलक्या हाताने अनेक फेऱ्या मारून प्लास्टिक तोडा. एकाच फेरीत जोर लावला तर कड फाटते. व्यास हिशेबापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी ठेवा. पात्याचं टोक गोलसर असल्याने खऱ्या चकतीचा शेवटचा काठ जवळजवळ दिसतच नाही, आणि प्लास्टिकचा काठ मात्र उजेडात चमकतो. हा चमकणारा काठ या संपूर्ण पद्धतीचा सगळ्यांत मोठा शत्रू आहे. चकती सळईवर चढवून २००० नंबरच्या ओल्या पॉलिशपेपरने काठ दोन्ही बाजूंनी तिरपा घासा म्हणजे तो पातळ आणि मंद होतो. काठावर मार्कर फिरवायचा मोह आवरा. त्याने ठळक काळी रेघ उमटते आणि चकती खेळण्यातल्या चाकासारखी दिसू लागते.

आता चकतीच्या दोन्ही बाजू मंद करायच्या. चकती सळईसकट छोट्या ड्रिलमध्ये पकडा, सर्वांत कमी वेगावर फिरवा आणि १५०० ते २००० नंबरचा पॉलिशपेपर बोटाच्या टोकाने क्षणभर टेकवून केंद्राकडून काठाकडे न्या. डोळ्यांवर चष्मा हवा. पृष्ठभागावर एककेंद्री, अतिशय बारीक ओरखडे उमटले पाहिजेत.

या ओरखड्यांचा फायदा दुहेरी आहे. सपाट प्लास्टिकची आरशासारखी झळाळी जाते, हा एक. दुसरा जास्त महत्त्वाचा: गोल ओरखड्यांवर प्रकाश पडला की केंद्राच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना दोन उजळ पाचरी दिसतात आणि चकती किंवा दिवा हलवला की त्या सरकतात. खऱ्या फिरत्या प्रोपेलरवर तिरपं ऊन पडलं की नेमकं हेच दिसतं, कारण तिथेही चमकणारी पाती केंद्राभोवती गोल फिरत असतात. रंगाने हा परिणाम साधता येत नाही. रंगवलेली पाचर जागेवरून हलणार नाही. म्हणून घासून झाल्यावर चकतीवर चकचकीत व्हार्निश अजिबात मारू नका. ते ओरखडे भरून टाकतं.

छटा देणे

पाती काळी असली तरी निव्वळ काळा रंग घेऊ नका. गडद करड्यात किंचित तपकिरी मिसळा. एक भाग रंग आणि दहा भाग थिनर, इतकं पातळ. चकती ड्रिलवर सावकाश फिरत असताना एअरब्रश दहा-बारा सेंमीवर धरा आणि तीन फेऱ्या द्या: पहिली पूर्ण चकतीवर, दुसरी आतल्या दोन तृतीयांशावर, तिसरी फक्त आतल्या एक तृतीयांशावर. प्रत्येक फेरी इतकी हलकी की मारली की नाही अशी शंका यावी. चकती फिरत असल्यामुळे फवाऱ्यातला कमी-जास्तपणा आपोआप गोल पसरतो.

एअरब्रश नसेल तर माझ्या मते त्याहून बरी पद्धत हाताशी आहे. करड्या पेस्टल खडूची किंवा मऊ पेन्सिलच्या शिशाची पूड करा आणि फिरत्या चकतीवर मऊ ब्रशने टेकवा. पूड ओरखड्यांत बसते, जास्त झालेली पुसता येते, आणि आतून बाहेर विरळ होत जाणं हातात राहतं. १:१४४ च्या चकतीवर मी पूडच वापरेन. तिथे एअरब्रशचा फवारा चकतीच्या मानाने फार मोठा पडतो.

छटा पुरेशी झाली की नाही हे ठरवायला छापील मजकुराचं पान घ्या. चकती त्यावर दोन सेंमी वर धरा. आतल्या भागातूनही अक्षरं सहज वाचता आली पाहिजेत आणि काठाजवळ चकती आहे हे शोधावं लागलं पाहिजे. अक्षरं वाचायला प्रयत्न करावा लागत असेल तर छटा जास्त झाली आहे. पुसा आणि पुन्हा करा.

टोकाचा पिवळा पट्टा राहिला. ब्रिटिश आणि अमेरिकन पात्यांच्या टोकाला ४ इंच पिवळा रंग असायचा: १:७२ मध्ये १.४ मिमी, १:१४४ मध्ये ०.७ मिमी. हे पिवळं कडं सगळे आनंदाने काढतात आणि सगळे ठळक काढतात. टोकाची दाटी ५ टक्के आहे हे आठवा. पिवळंही तितकंच फिकं. पिवळी रंगीत पेन्सिल फिरत्या चकतीला एकदाच, निसटती टेकवा. पांढऱ्या कागदावर ते कडं जवळजवळ दिसू नये. गडद पार्श्वभूमीवर ते हळूच उमटतं, आणि तेच हवं. जर्मन पात्यांना पिवळी टोकं सहसा नसत, तेव्हा तिथे हा टप्पाच नाही.

चकती बसवताना झटपट चिकटणारा सुपरग्लू वापरू नका. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी बुरशीसारखी साय धरते. कॅनॉपीचंही तसंच होतं. दोन्हींसाठी पांढरा गोंद. सळईवर थाळी आणि गाभा यांच्यामध्ये चकती दाबून बसते, त्यामुळे गोंदाचा एक थेंब पुरतो.

छायाचित्रातला प्रोपेलर हवा असेल तर

चकती तीच, घासणं तेच. फक्त छटा पट्ट्यांत द्यायची. जाड कागदावर चकतीएवढं वर्तुळ काढा, हव्या त्या शटरनुसार पट्ट्याचा कोन घ्या, समजा १/२५० साठी ३४ अंश, आणि चार पाचरी कापून टाका. हा साचा चकतीच्या दोन-तीन मिमी वर धरून फवारा मारा म्हणजे कडा धूसर होतील. चिकटवून मारला तर कडा धारदार येतात.

इथे एक समज काढून टाकायला हवा. पट्टा पुढच्या बाजूला ठळक आणि मागे शेपटीसारखा विरत जाणारा, अशी पाती चित्रकथांत असतात. उघड्या शटरच्या काळात पातं सारख्या वेगाने फिरतं, त्यामुळे खऱ्या फोटोत पट्ट्याच्या दोन्ही कडा सारख्याच विरतात आणि मधला भाग एकसारखा दिसतो. शेपटी काढली की ते फोटोतलं पातं राहत नाही.

जमिनीवर इंजिन मंद चालू असलेलं विमान करायचं असेल तर ही पद्धत खास शोभते. इंजिन ८०० फेऱ्यांवर असताना प्रोपेलर मिनिटाला जेमतेम ३८० फेऱ्या घेतो. १/१२५ ला पट्टा १८ अंशांचाच येतो, म्हणजे पाती स्पष्ट कळतात.

मोटर बसवून खरोखर फिरवणे

१:७२ मध्ये हे अगदी शक्य आहे. स्पिटफायरच्या नाकात ६ मिमी व्यासाची कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली, हलकी) मोटर मावते. १:१४४ मध्ये ४ मिमीची, मोबाइलमधल्या कंपनासाठी असते तशी, पण वजन नसलेल्या दांड्याची. नाकाचा आतला भाग घासून मोकळा करा आणि मोटर एपॉक्सीने बसवण्याआधी दांडा नाकाच्या मध्यरेषेत आहे का हे समोरून आणि बाजूने दोनदा पाहा.

तारा काढायच्या स्टँडमधून. पितळी नळी हीच एक तार धरा आणि तिच्या आतून इनॅमलचा थर असलेली तांब्याची दुसरी तार न्या. बाहेर काहीच दिसत नाही. बॅटरी आणि वेग कमी-जास्त करणारं छोटं मॉड्यूल तळाच्या खोक्यात.

वेगाचा हिशेब इथे सुखद आहे. मॉडेल ७२ पट लहान असलं तरी फेऱ्या ७२ पट करायच्या नाहीत. डोळ्याला धूसर दिसणं हे पातं सेकंदाला किती वेळा जातं यावर ठरतं, आकारावर नाही. त्यामुळे खऱ्या विमानाइतक्याच, मिनिटाला १२०० ते १५०० फेऱ्या पुरतात. या मोटरी पूर्ण व्होल्टेजवर याच्या कितीतरी पट वेगाने पळतात. तसं होऊ दिलं तर मॉडेल थरथरतं, आवाज येतो आणि एखादं पातं उडून डोळ्यात जाऊ शकतं. व्होल्टेज कमीच ठेवा आणि पहिल्यांदा चालवताना चष्मा लावून बाजूला उभे राहा. प्रोपेलरच्या रेषेत नको.

थरथर टाळायची तर प्रोपेलर तोलून घ्यावा लागतो. तो सळईवर आडवा, मोकळा ठेवा. जड पातं खाली येऊन थांबेल. त्याची मागची बाजू किंचित घासा, पुन्हा फिरवून बघा. कुठल्याही स्थितीत सोडला तरी तिथेच थांबला की तोल जमला. पात्यांचे बुंधे नुसते चिकटवू नका, आत बारीक तार घालून पक्के करा.

दिशाही पाहा. मर्लिन इंजिनाचा प्रोपेलर कॉकपिटमधून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, म्हणजे समोरून उलटा. ग्रिफन इंजिनाच्या स्पिटफायरमध्ये, मार्क १२ आणि १४ मध्ये, याच्या बरोबर विरुद्ध. दिशा चुकली तर दोन तारांची अदलाबदल केली की झालं.

खोलीत प्रोपेलर उलटा, संथ फिरताना दिसला तर मोटरला दोष देऊ नका. ५० हर्ट्झच्या विजेवर काही दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. चार पाती सेकंदाला ९५ वेळा जात असली की दोन्हींच्या फरकामुळे पाती मागे सरकल्यासारखी दिसतात. वेग थोडा बदला किंवा दिवसाच्या उजेडात ठेवा.

मांडणी आणि फोटो

चकतीवालं मॉडेल नेमकं बाजूने बघण्यासाठी ठेवू नका. बाजूने चकतीची एक रेघ होते आणि पात्यांच्या पिळामुळे खऱ्या प्रोपेलरला जी जाडी असते ती तिच्यात नसते. समोरून थोडं तिरकं, नाक बघणाऱ्याकडे तीस-चाळीस अंश वळवलेलं आणि नजरेच्या किंचित वर, ही जागा सगळ्यांत चांगली. मागे मध्यम गडद, निळसर-करडी पार्श्वभूमी असली की पिवळं कडं उमटतं आणि छटाही जाणवते. उजेड वरून आणि थोडा बाजूने यायला हवा, म्हणजे ओरखड्यांवरच्या दोन पाचरी जागतात. नुसता समोरचा फ्लॅश मारला तर चकती पांढरी होते.

मोटरवालं मॉडेल मोबाइलने टिपताना पाती वाकडी, कोयत्यासारखी आली तर ती कॅमेऱ्याची करामत आहे. मोबाइलचा सेन्सर चित्र एकदम न टिपता ओळीओळीने वाचतो, आणि खालच्या ओळी वाचून होईपर्यंत पातं पुढे गेलेलं असतं. मोबाइल स्टँडवर लावा, हाताने सेटिंग करायची सोय उघडून शटर १/३० किंवा त्याहून मंद करा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) सर्वांत खाली आणा आणि उजेड कमी करा. पाती एकमेकांत मिसळतील आणि वाकडेपणा निघून जाईल. मॉडेल हलत असेल तर मात्र नाकासकट सगळंच धूसर येईल. तेव्हा फोटोआधी स्टँडचा तळ जड करून घ्या.

चकतीवर धूळ लवकर बसते आणि ओरखड्यांत अडकते. कापड लावू नका, त्याने पूड निघून येते. रबरी फुग्याने हवा मारा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर स्पिनर उतरवून चकती बदला. नवी चकती कापून रंगवायला फार वेळ लागत नाही, म्हणून पहिलीच्या वेळी दोन-तीन चकत्या एकदम करून ठेवणं सोयीचं.